तबकडी कीं सीडी?

ज्या दोन वस्तूंविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे, त्यांपैकीं एकही वस्तु ह्या वार्षिकाच्या बहुतेक बालवाचकांनीं हातांत धरलेली नसावी. त्यांचें गाणें खिशांतील यंत्रांत राहतें. तें कोठून येतें आणि थांबविल्यावर कोठें जातें, ह्याची विचारपूस कोणी करीत नाहीं. परंतु गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत ध्वनीचा पाठ चालला असतां आम्हीं शाळेच्या भांडारांतून एक जुनी तबकडी आणिली आणि तिच्या शेजारीं एक सीडी ठेविली, तेव्हां वर्गांत जो तंटा माजला तो तास संपल्यावरही मिटला नाहीं. कोणी म्हणे, थोरली जुनी म्हणून खरी. कोणी म्हणे, धाकटी नवी म्हणून शहाणी. एका विद्यार्थ्यानें तर "सर, आतां दोन्ही अडगळच ना?" असें विचारून दोन्ही पक्षांस गारद केलें.

आधीं वस्तूंची ओळख. तबकडी म्हणजे व्हिनाइल नामक प्लॅस्टिकची, बारा इंच व्यासाची काळी थाळी. तिच्या अंगावर अनेक वर्तुळें आहेत असा भास होतो; वस्तुतः तेथें बाहेरच्या कडेपासून आंत जाणारी एकच खांच असते, जिलबीच्या वेढ्यासारखी. तबकडी मिनिटास ३३⅓ फेरे घेते. एक बाजू बावीस मिनिटें चालली तर ७३३ फेरे होतात, आणि सुईनें चाललेली वाट साडेचारशें मीटरांच्या पलीकडे जाते. हें गणित विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावें. गायकाच्या कंठांतून निघालेल्या आवाजानें हवेंत जी थरथर उठली, तीच थरथर ह्या खांचेच्या भिंतींत कोरलेली असते. सुई त्या भिंतींना घासत जाते आणि तशीच थरथरते. ह्याहून अधिक कांहीं नाहीं. वर्गांत आम्हीं कागदाचें नरसाळें केलें, त्याच्या टोंकांतून एक साधी टांचणी खोंवली, तबकडी पेन्सिलीवर बसवून बोटानें फिरविली आणि टांचणी खांचेवर टेकविली. वीज नाहीं, तार नाहीं, आणि नरसाळ्यांतून एक बाई गाऊं लागली. मुलें एकाएकीं गप्प झालीं. (हा प्रयोग करावयाचा तर झिजून निकामी झालेल्या तबकडीवरच करावा, टांचणी खांचेचा सत्यानाश करते.)

सीडीस टांचणी लावून कांहींही ऐकूं यावयाचें नाहीं. ती बारा सेंटिमीटर व्यासाची, सुमारें पंधरा ग्रॅम वजनाची चकचकीत चकती. तिच्यावर थरथर नाहीं, थरथरीचें मोजमाप आहे. दर सेकंदास ४४,१०० वेळां ध्वनीची उंची मोजावयाची आणि तें माप शून्य व एक ह्या दोनच अंकांत लिहावयाचें. लिहावयाचें म्हणजे सूक्ष्म खळगे पाडावयाचे. त्या खळग्यांची वाट आंतून बाहेर जाते, आणि तिची लांबी पांच किलोमीटरांहून अधिक भरते. माणसाच्या एका केसाच्या जाडींत ह्या वाटेचे तीसचाळीस वेढे मावतील. त्यांवरून लेसरचा किरण फिरतो, परत येणाऱ्या प्रकाशावरून यंत्र अंक ओळखतें आणि अंकांवरून आवाज पुनः उभा करतें. प्रकाशास वजन नसल्यामुळें सीडी वाजवून झिजत नाहीं.

तबकडीची कुळकथा आपल्या देशाशीं किती निगडित आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. व्हिनाइलच्या आधींची, मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणारी तबकडी शेलॅकची असे, आणि शेलॅक म्हणजे आपली लाख. पळस, बोर, कुसुम ह्या झाडांच्या फांद्यांवर एक लहानसा किडा राळेसारखा रस सोडतो. तो खरवडून, धुऊन, वितळवून लाख होते. तिच्याच बांगड्या होतात, आणि पार्सलावर मोहोरही तिचीच उठे. छोटा नागपूरच्या रानांतील ही लाख समुद्रापार जाई, दगडाच्या भुकटींत मिसळली जाई, आणि तिच्यावर गाणें छापून तें पुनः आपल्याकडे येई. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजान ह्यांचें गाणें मुद्रित झालें, तें छापण्यासाठीं जर्मनींतील हॅनोव्हर येथें गेलें. गाण्याच्या शेवटीं त्या इंग्रजींत आपलें नांव उच्चारीत. तिकडील कारागिरांस तबकडी कोणाची हें समजावें म्हणून, असें सांगतात. पुढें १९०८ सालीं कलकत्त्यासच तबकड्यांचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धांत लाख मिळणें कठीण झालें. १९४२ सालीं अमेरिकेच्या सरकारनें तबकड्यांसाठीं तिचा वापर करण्यावर निर्बंध घातले, आणि व्हिनाइलकडे कारखानदारांचें लक्ष वळण्यास हेंही एक कारण झालें. १९४८ सालीं व्हिनाइलची लांब पल्ल्याची तबकडी अमेरिकेंत विक्रीस आली. सीडी आली ती १९८२ सालीं, प्रथम जपानांत.

शेलॅकच्या दहा इंची तबकडीवर तीन-सव्वातीन मिनिटांचेंच गाणें मावे. ज्या रागास मैफलींत तासभर लागावा, तो ह्या चिमटींत बसवावयाचा. कित्येक टीकाकार ह्यास गाण्याचा संकोच म्हणतात. आम्हांस तो संकोच पुष्कळ ठिकाणीं गुणकारी वाटतो. ज्यांचें मिरजेस दीर्घ वास्तव्य होतें त्या अब्दुल करीम खां ह्यांच्या तबकड्या ऐकाव्या. १९३७ सालीं ते निवर्तले. पण त्या तीन मिनिटांत पहिल्याच क्षणीं स्वर जागेवर उभा असतो, घसा साफ करण्यास म्हणून कोणी वेळ घेत नाहीं. बावीस मिनिटांची बाजू आली तेव्हां गायकास ऐसपैस बसण्यास जागा मिळाली, आणि सीडीच्या चौऱ्याहत्तर मिनिटांत तर पाय पसरण्यासही. पाय पसरल्यानें गाणें वाढतेंच असें नाहीं.

तबकडीच्या खोडी सांगावयाच्या तर पहिली वेगाची. आमच्या मातोश्री हयात असतांना पेटीवर बसून तबकडीबरोबर गात असत. यंत्राचा रबरी पट्टा सैल झाला म्हणजे गायिकेचा सूर उतरे आणि पांढरी सहा व काळी पांच ह्यांच्या मध्यें कोठें तरी अधांतरीं लोंबत राही. पेटीवर ती जागाच नाहीं! मग पट्टा बदलेपर्यंत गाणें बंद. कांहीं यंत्रांच्या फिरत्या थाळीच्या कडेस ठिपके कोरलेले असतात. आपल्या घरांतील विजेचा प्रवाह सेकंदास पन्नास आवर्तनें घेतो, त्यावर लुकलुकणाऱ्या दिव्याच्या उजेडांत ते ठिपके स्थिर दिसले म्हणजे वेग बरोबर आहे असें समजावें. सीडीच्या यंत्रांत स्फटिकाचें घड्याळ वेग सांभाळतें. तेथें मातोश्रींस कधींच तक्रार करावी लागली नसती.

आतां ह्या विषयाकडे आम्ही कां वळलों तें सांगतों. आम्ही ज्या इमारतींत चाळीस वर्षें राहत आलों, ती पुनर्विकासासाठीं पाडावयाची आहे. तीन वर्षें आम्हांस दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेंत काढावयाचीं आहेत. जागा तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाहीं. आमच्या कुटुंबानें एका रविवारीं वही घेऊन घरांतील एकेका वस्तूपुढें 'येणार' किंवा 'नाहीं' अशी नोंद करण्यास आरंभ केला. पाटा-वरवंटा गेला, शिसवी टेबल गेलें, आणि वही तबकड्यांच्या कपाटापाशीं येऊन थांबली. तबकड्या भरल्या ३२०. कोंपऱ्यावरच्या वाण्याच्या कांट्यावर आम्हीं दहा तबकड्या वेष्टणांसह तोलल्या, त्या अडीच किलो भरल्या. म्हणजे सर्व मिळून ऐंशी किलो. सीडी २१०, त्या डब्यांसह एकवीस किलो. मग आम्हीं गाण्याचेही तास मोजले, तों दोहोंकडे सव्वादोनशें तासांच्या आसपास समान निघाले.

"अहो, गाणें तेवढेंच आणि ओझें चौपट, हा कुठला व्यवहार?" असें कुटुंबानें विचारलें. त्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, कारण प्रश्न वजनाचा होता.

वजनाशिवायचीं दुःखेंही थोडीं नाहींत. व्हिनाइल घासलें कीं त्यावर वीज जमते, आणि ती धूळ ओढून घेते. शहरांत जेथें समोरची इमारत रोज पडते आणि शेजारची रोज चढते, तेथें तबकडी पुसणें हें नित्यकर्मच होऊन बसतें. पावसाळ्यांत वेष्टणांवर बुरशी चढते, आणि खांचेंत शिरली तर ती सुईखालीं तळणाच्या कढईसारखी तडतडते. वैशाखांत खिडकीशीं उन्हांत राहिलेली तबकडी पापडासारखी वांकते आणि पुनः सरळ होत नाहीं. एकीवर एक आडव्या रचल्या तर खालच्या दबतात. उभ्याच ठेवाव्या लागतात. घरांत मूल धांवलें कीं सुई उडी मारते. व्हिनाइल आणि शेलॅक ह्यांची शुश्रूषाही निराळी. स्पिरिटाच्या बोळ्यानें शेलॅकची तबकडी पुसली, तर स्पिरिटांत लाख विरघळते आणि गाणें बोळ्यावर निघून येतें. आम्ही मलमलीचें ओलसर फडकें वापरतों, आणि तेंही खांचेच्या दिशेनें, आडवें नव्हे.

सीडीच्या बाजूनें बोलावयाचें तर, गाणें शिकणाऱ्यास तिच्यासारखा सोबती नाहीं. तान समजली नाहीं तर ती पुनः पुनः त्याच ठिकाणाहून लावितां येते. तबकडीवर असें चारपांच वेळां केलें तर त्या जागीं ओरखडा पडावयाचा. ख्याल मध्येंच तुटत नाहीं. षड्ज लावून गायक थांबला असतां मागें तंबोरा विरत जातो, तो अगदीं शेवटपर्यंत ऐकूं येतो. तबकडीवर तो खरखरींत बुडतो. बारीकसारीक चरे पडले तरी सीडी भीत नाहीं, कारण अंकांबरोबर त्यांची पडताळणी करणारे जादा अंक लिहिलेले असतात, आणि त्यांवरून यंत्र गहाळ मजकूर भरून काढतें. मात्र लोक जपतात ती तिची चकचकीत बाजू, आणि खरा धोका असतो नांव छापलेल्या बाजूस. खालच्या अंगास जाड प्लॅस्टिकचें चिलखत असतें; वरच्या अंगास ॲल्युमिनियमच्या पातळ थरावर केवळ लाखेसारख्या लेपाचा एक हात. तेथें नखाएवढा टवका उडाला कीं गाणें गेलें. लेपांतून हवा शिरली तर थर काळवंडतो. घरीं उतरवून घेतलेल्या सीडींचें आयुष्य तर आणखीच बेभरंवशाचें असतें. डब्याच्या बिजागरीचे कान मोडतात तें निराळेंच. आमच्या दोनशेंदहांपैकीं धड कान असलेले डबे शंभरही नसतील.

दोहोंच्या मरणांत मोठें अंतर आहे. तबकडी हळूहळू म्हातारी होते. प्रथम खरखर, मग एखादी अडखळ, मग एकच ओळ पुनः पुनः. तरीही गाणारा कोण हें शेवटपर्यंत ओळखतां येतें. सीडी काल उत्तम वाजत होती, आज यंत्र म्हणतें कीं आंत चकतीच नाहीं. आणि यंत्राचा लेसर मंद झाला तर तो बदलून देणारा कारागीर आतां शोधून सांपडत नाहीं.

येथें केसरबाई केरकर ह्यांची आठवण होते. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें ग्रहमालेच्या पलीकडे जाण्यासाठीं सोडलीं. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली, तांब्याची बारा इंची तबकडी आहे. ती मिनिटास १६⅔ फेऱ्यांच्या वेगानें फिरवावयाची. जगांतून निवडलेल्या संगीतांत गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या केसरबाईंची भैरवी आहे. त्या वर्षीं सीडी बाजारांत आलीच नव्हती, तेव्हां तबकडीची निवड झाली ह्यांत नवल नाहीं. परंतु योजना पाहण्यासारखी आहे. तबकडीबरोबर सुईही ठेविली आहे, आणि ती कशी लावावी ह्याची आकृति झांकणावर कोरली आहे. ज्यास पृथ्वीवरील एकही भाषा येत नाहीं त्यास सुद्धां ही वाट आहे, हिच्यावरून कांहीं तरी चालवावयाचें आहे, एवढें समजण्याची आशा बाळगतां येते. सीडी त्याच्या हातीं पडली तर त्यास अंक, अंकांचा क्रम, पडताळणीचे नियम, सारें आधीं कोणी शिकवावें लागेल. केसरबाई त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत, दुसरें यान सुटल्यानंतर थोड्याच दिवसांनीं निवर्तल्या. तें यान २०१२ सालीं सौरवाऱ्याची हद्द ओलांडून गेलें.

आतां ज्या मुद्द्यावर रसिकांत हमरीतुमरी होते त्याकडे वळूं. तबकडीचा आवाज अधिक खरा, अधिक उबदार, असें तिचे भक्त सांगतात. उबेविषयीं आम्ही वाद घालीत नाहीं. ती ज्याची त्यास. परंतु खरेपणाचा दावा टिकत नाहीं. खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले तर खांच इतकी रुंद होते कीं बाजूवर गाणें मावणार नाहीं. म्हणून कोरतांना खर्ज कमी करतात आणि तार स्वर वाढवितात, व वाजविणाऱ्या यंत्रानें तें पुनः उलट करावयाचें असतें. ह्याचें एक प्रमाण अमेरिकेंतील व्यावसायिकांनीं १९५४ सालीं ठरविलें, तें पुढें जगभर चाललें. म्हणजे जें आपण 'जसेंच्या तसें' म्हणून ऐकतों, तें दोनदां फिरविलेलें असतें. मंद व मोठ्या आवाजांतील अंतर सीडीवर शहाण्णव डेसिबलपर्यंत राखतां येतें. चांगल्या तबकडीवर तें सत्तरीच्या आसपास थांबतें. शिवाय तबकडीचे फेरे समान, पण परीघ आंत लहान होत जातो. बाहेरच्या कडेस सुईखालून सेकंदास पन्नास सेंटिमीटर वाट जाते, आंत शेवटीं ती वीस-बावीसवर येते. तितक्याच आवाजास निम्म्याहून कमी जागा. आणि आपल्या संगीतांत ह्या अडचणीच्या जागींच द्रुत लय आणि वेगवान ताना येतात! विलंबितास प्रशस्त अंगण आणि द्रुतास गल्ली, असा हा उलटा न्याय आहे.

तरी पण एका गोष्टींत भक्तांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. १९९० नंतरच्या पुष्कळ सीडींवर आवाज मोठा भासावा म्हणून मंद स्वरही वर ओढले गेले. जुन्या शेलॅकच्या तबकड्या सीडीवर उतरवितांना खरखर काढण्याच्या हौसेनें कित्येकांनीं तंबोऱ्याची वरची झारही पुसून टाकली. गायक जणूं कापसाच्या खोलींत उभा राहून गातो. तो दोष सीडीचा नव्हे, ती भरणाऱ्या हातांचा आहे. पण ऐकणाऱ्याच्या कानास दोष कोणाचा ह्याशीं काय कर्तव्य?

येथवर जमाखर्च सीडीच्याच बाजूनें झुकतो, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. परंतु कपाटाचे खरे धनी आम्ही नव्हे, आमचे तीर्थरूप अण्णा आहेत.

अण्णांचें वय चौऱ्यायशीं. डाकखात्यांत असतांना त्यांनीं पगारांतून, महिन्यास एक ह्या बेतानें, पुष्कळशा तबकड्या घेतल्या. गेलीं सहा वर्षें त्यांस कंपवाताचा विकार आहे. आमटीचा चमचा तोंडाशीं नेतांना जो हात सांडतो, त्या हातानें खांचेवर सुई अलगद ठेवणें शक्य नाहीं. म्हणून आम्हीं त्यांच्या खाटेशेजारीं सीडीचें यंत्र ठेविलें आणि चालू करण्याच्या बटणावर तांबडी टिकली चिकटविली. तें त्यांस उत्तम चालवितां येतें. दुपारीं घरांत कोणी नसतांना ते लावतातही. परंतु सायंकाळीं आम्ही शाळेंतून परतलों कीं त्यांची मागणी तबकडीचीच.

एकदां आम्हीं विचारलें, "अण्णा, हेंच गाणें सीडीवर आहे. ती लावूं का? तासभर उठायला नको."

"तुला उठायला नको," अण्णा म्हणाले. "मी कुठें उठतोय?"

ह्या विकारांत हातपायांबरोबर आवाजही क्षीण होतो. अण्णा ज्या स्वरांत पूर्वीं डाकघराच्या खिडकीआडून रांगेच्या शेंड्यापर्यंत ऐकूं जात, तो स्वर आतां उशीच्या पलीकडे पोंचत नाहीं. पंखा चालू असला तर अर्धा शब्द पंखा खातो, गाणें चालू असतां तर त्यांनीं बोललेलें कांहींच कळत नाहीं, आणि दोनदां "काय म्हणालांत?" असें विचारलें कीं ते बोलावयाचें सोडून देतात. सीडी लाविली म्हणजे ती तासभर थांबत नाहीं. आपण ती लावितों आणि दुसऱ्या खोलींत वह्या तपासण्यास जातों. तबकडी वीस मिनिटांनीं संपते. वीस मिनिटांत कोठें जाऊन यावें असें कोणतेंही काम नसतें, म्हणून मनुष्य तेथेंच बसून राहतो. मग सुई शेवटच्या रिकाम्या खांचेंत जाऊन टक् टक् करूं लागते, कोणी तरी उठतो, दांडी उचलतो, तबकडी कडांनीं धरून उलटतो, फडक्यानें पुसतो; आणि ह्या मिनिट-दोन मिनिटांच्या शांततेंत अण्णा बोलतात.

काय बोलतात? मोठें असें कांहीं नाहीं. "ही घेतली त्या महिन्यांत तुझ्या आत्याच्या लग्नाचें कर्ज फिटलें." "ह्या वेष्टणावरचा डाग तुझ्या आईच्या चहाचा." "ही ज्यानें विकली त्याला गाण्यांतलें कांहीं कळत नव्हतें, पण किंमत बरोबर कळत होती." एका बाजूस एक वाक्य, फार तर दोन. आमच्या आत्याच्या लग्नास कर्ज काढावें लागलें होतें, हें आम्हांस पन्नास वर्षांत ठाऊक नव्हतें. सीडीचें वेष्टण एवढेंसें असतें कीं त्यावर चहाचा पेला ठेवावयास जागा नाहीं, हाही तिचा एक गुणच म्हणावयाचा.

आमची कन्या चौदा वर्षांची आहे. तिचें गाणें निराळें, तिचें यंत्रही निराळें. पण तबकडी उलटण्याची कामगिरी गेल्या दिवाळीपासून तिनें आपणहून घेतली आहे. "आजोबा, बाजू संपली," असें म्हणून ती उठते आणि तबकडी उचलतांना त्यांच्या तोंडाशीं कान नेते. त्यांनीं तिला काय सांगितलें हें ती आम्हांस सांगत नाहीं. आमच्या कुटुंबाच्या वहींत 'येणार' आणि 'नाहीं' असे दोनच रकाने होते. ह्या गोष्टीची नोंद त्यांपैकीं कोणत्या रकान्यांत करावी, ह्याचा विचार तिला कांहीं दिवस पडला.

मध्यंतरीं बाजारानेंही आपला कौल फिरविला आहे, तेवढें सांगून टाकावें. अमेरिकेंत २०२२ सालीं खपलेल्या तबकड्यांची संख्या सीडींहून अधिक भरली, आणि असें १९८७ नंतर प्रथमच घडलें. नव्या तबकड्यांच्या किंमती मात्र शिक्षकाच्या पगारास झेपण्यासारख्या नाहींत. तेव्हां 'अडगळ' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यानें घाई करूं नये. त्याच्या नातवास ती वस्तु विकत घ्यावी लागेल आणि महाग पडेल.

शेवटीं तडजोड ठरली ती अशी. सीडी सगळ्या येणार, पत्र्याच्या ट्रंकेंतून, खाटेखालीं. तबकड्या साठ, म्हणजे पंधरा किलो. उरलेल्यांस आमच्या शाळेच्या संगीतवर्गांत एक कोरडें कपाट मिळालें आहे, आणि ते कपाट पश्चिमेच्या भिंतीस लागून नाहीं, ही आम्हीं स्वतः खातरजमा केली. साठ कोणत्या, हें अण्णांनीं ठरवावयाचें होतें. पांच सायंकाळ हें काम चाललें. कन्येनें एकेक तबकडी त्यांच्यापुढें धरावी, त्यांनीं मान हलवावी. निवड झाल्यावर आम्ही पाहतों तों साठांपैकीं अकरा तबकड्या झिजून इतक्या निकामी झालेल्या, कीं त्यांवर सुई ठेवणें म्हणजे सुईची हानि. आम्हीं तसें सांगितलें. अण्णा कांहीं बोलले. पण पंखा चालू होता. कन्येनें उठून पंखा बंद केला.

"त्या लावायच्या नाहींत," अण्णा म्हणाले. "त्या मधून मधून माझ्यापुढें धरायच्या."

आमच्या कुटुंबानें वही उघडून साठांपुढें 'येणार' असें लिहिलें. दोन जादा सुया आणि एक पट्टा मागवून ठेविला आहे. टेम्पो पुढच्या शनिवारीं यावयाचा आहे. तबकड्यांचीं खोकीं उभींच न्यावयाचीं, आणि अण्णांनीं निवडलेल्या त्या अकरांचें खोकें टेम्पोंत न घालतां कन्येच्या मांडीवर, रिक्षांतून.